पेशंट चालत दाखल होतो, मग डिस्चार्जला व्हीलचेअर का लागते?

गोदातीर
मी नाशिकमध्ये स्टाफ नर्स आहे. मेडिसिन आणि ऑर्थो, दोन्ही वॉर्डांत बरीच वर्षं काढली. मनात बरेच दिवस साचलेलं एकदा नीट लिहावं म्हणून हा धागा.

आपल्याकडे पेशंट अॅडमिट झाला की घरचे, वॉर्डातल्या मावशी-मामा (आया आणि वॉर्डबॉय) आणि आम्ही सिस्टर, सगळे मिळून त्याला पलंगावर झोपवून टाकतो. घास भरवतो, पॉट देतो, अंग पुसतो, "उठू नका हं" म्हणतो. न्यूमोनिया बरा होतो, ताप उतरतो, रिपोर्ट नॉर्मल येतात. पण ज्या आजी आठवड्यापूर्वी रिक्षातून स्वतः उतरून कॅज्युअल्टीत आल्या होत्या, त्यांना घरी नेताना दोन माणसं लागतात. फाइलवर "प्रकृती सुधारली" लिहिलेलं असतं, आणि घरी गेल्यावर त्या बाथरूमपर्यंतही एकट्या जाऊ शकत नाहीत. आजार गेला पण माणूस परावलंबी झाला, तर आपलं काम अर्धंच झालं असं मी मानते.

झोपून राहण्याने होणारं नुकसान डॉक्टरांना आज कळलेलं नाही. रिचर्ड अॅशर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी १९४७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याच विषयावर लेख लिहिला होता. २००७ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला. साठी ओलांडलेल्या, पूर्ण निरोगी माणसांना दहा दिवस फक्त झोपवून ठेवलं. ना ताप, ना सलाईन, ना ऑपरेशन. तरी पायांचं जवळपास एक किलो मांस उतरलं. आता हेच वय, त्यात इन्फेक्शन, त्यात जेवण जात नाही, अशा माणसाचं काय होत असेल याचा विचार करा.

आणि फक्त पायांचं नाही. आडवं पडून राहिलं की छाती पूर्ण भरत नाही, कफ तळाशी साचतो. पोट साफ होत नाही. माकडहाडावर आणि टाचांवर बेडसोर, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमा, सुरू होतात. दिवसभर डुलक्या, मग रात्री झोप नाही, मग पेशंट रात्री दोन वाजता "मला घरी सोडा" म्हणून सुई उपटतो आणि घरच्यांना वाटतं, याच्या डोक्यावर परिणाम झाला. एक गोष्ट बिघडली की ती दुसरीला ओढून नेते.

म्हणून सांगते, रिहॅब नर्सिंग, म्हणजे पेशंटला पुन्हा स्वतःचं स्वतः करता यावं यासाठीची शुश्रूषा, ही डिस्चार्जच्या कागदावर लिहायची गोष्ट नाही. ती अॅडमिशनच्या दिवशी सुरू व्हायला हवी. आणि तिची सुरुवात एका प्रश्नाने होते: पंधरा दिवसांपूर्वी हे काय काय स्वतःचं स्वतः करत होते? जिना चढत होते का, आंघोळ एकटे करत होते का, काठी लागत होती का, रात्री लघवीला उठत होते का? बार्थेल इंडेक्स नावाचा एक साधा तक्ता आहे, १९६५ सालचा. जेवण, आंघोळ, कपडे, संडास, पलंगावरून खुर्चीत बसणं, चालणं, जिना अशा दहा गोष्टी आणि एकूण शंभर गुण. हॉस्पिटलने तो भरो न भरो, तुम्ही घरच्यांनी ही माहिती पहिल्या दिवशी सिस्टरला सांगा. नाहीतर पलंगावर झोपलेल्या सत्तर वर्षांच्या माणसाकडे बघून प्रत्येक नवीन ड्युटीवाल्याला वाटतं की हे आधीपासून असेच असतील.

आमच्या वॉर्डात ग्रामीण भागातल्या एक आजी होत्या. तिसऱ्या दिवशी तब्येत चांगली, डॉक्टरांनी चालवायला सांगितलेलं, पण आजी पलंग सोडायलाच तयार नाहीत. पाय दुखतात म्हणाल्या, चक्कर येते म्हणाल्या. बीपी बघितलं, ठीक होतं. मी पडदा ओढून जवळ बसले तेव्हा हळूच म्हणाल्या, "बाई, हे मागून उघडं हाय." हॉस्पिटलचा गाऊन! जन्मभर डोक्यावर पदर घेतलेली बाई, पाठ उघडी टाकून पुरुषांच्या समोरून कशी चालेल? सुनेला सांगून त्यांचं लुगडं आणलं. नऊवारी अंगावर आल्यावर आजी वॉकर धरून कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेल्या आणि आल्या. औषधात काहीही बदल केला नव्हता. इंग्लंडमध्ये सरकारी रुग्णालयांत २०१८ साली सत्तर दिवसांची मोहीमच चालवली होती, पेशंटला दिवसा रात्रीच्या कपड्यांतून बाहेर काढायचं, स्वतःचे कपडे घालून बसवायचं, चालवायचं. मला ते वाचून आमच्या आजीच आठवल्या.

तेव्हा अॅडमिट करताना घरून काय न्यायचं ते लक्षात ठेवा. चष्मा. कानाचं मशीन, सेलसकट. कवळी, डबीसकट. रोजची काठी. मागे पट्टा असलेली, रबरी तळाची चप्पल. "हरवेल" म्हणून या वस्तू घरी ठेवतात आणि मग ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, चावता येत नाही त्याला आपण म्हणतो की पेशंट सहकार्य करत नाही. थंडीत तर निफाड-नाशिककडे सगळे पायात मोजे घालतात. मोजे घालून फरशीवर चालवू नका. पाय सटकतो.

तुमचे अनुभव लिहा. घरात कुणी अॅडमिट असेल तर प्रश्नही विचारा, ड्युटी संपल्यावर उत्तर देईन.

इंदिरानगरची_लेक
ताई, फार योग्य वेळी लिहिलंत. माझ्या वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला, डावी बाजू गेली. शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये होते, नाव घेत नाही. सगळे धावून धावून करत होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण पलंगावर वर सरकवताना रोज दोघं जण दोन्ही काखेत हात घालून ओढायचे. डिस्चार्जच्या वेळी डावा खांदा इतका दुखत होता की बाबा हात लावू देत नव्हते. आता पाय बराच सुधारलाय, काठीने चालतात, पण खांद्याचं दुखणं मागे लागलंय. हे टाळता आलं असतं का?

फिजिओ_सातपूर
ताई, लकवा झालेल्या बाजूचा हात ओढायचा नाही, हे वॉर्डात शिरणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं. खांद्याचा सांधा मुळातच स्नायूंनी धरून ठेवलेला असतो. स्नायू सैल पडले की हाताच्या वजनानेच तो खाली उतरतो, त्यात काखेतून ओढलं तर आतले लिगामेंट ताणले जातात. सरकवायचं ते खालच्या ड्रॉशीटने (पेशंटच्या अंगाखाली घातलेली आडवी चादर), दोन्ही बाजूंनी ती धरून. बसवलं की तो हात उशीवर ठेवायचा, लोंबकळू द्यायचा नाही. झोपताना त्या खांद्याखाली छोटी उशी.

बाबांचं दुखणं आता तरी दुर्लक्षित करू नका. खांदा जाम होत चालला असेल तर वेगळे उपचार लागतात, न्यूरोफिजिओला दाखवाच. वर पुली बांधून हात ओढायचा व्यायाम कुणी सांगितला असेल तर तूर्त थांबवा.

गोदातीर
फिजिओ दादांनी बरोबर सांगितलंय. त्यात माझ्याकडची भर. लकव्याच्या पेशंटला खुर्चीत बसवताना खुर्ची चांगल्या बाजूला, पलंगाला तिरकी लावायची, म्हणजे तो चांगल्या हाताने हात्या धरू शकतो आणि चांगल्या पायावर वळू शकतो. पलंगाचा आणि व्हीलचेअरचा ब्रेक आधी लावायचा, फूटरेस्ट वर करायचे. आणि भेटायला येणाऱ्यांची खुर्ची मात्र दुबळ्या बाजूला ठेवा. झटक्यानंतर काही जणांचं त्या बाजूकडे लक्षच जात नाही. तिकडून बोललं की मान वळते, नजर वळते. पाणी द्यायच्या आधी गिळता येतंय का ते तपासून घेतलंय ना, हे विचारा, आणि तोंडात काहीही देताना पूर्ण ताठ बसवा.

मखमलाबादकर
थोडा वेगळा मुद्दा मांडतो. माझ्या काकांनाही झटका आला होता. तिथल्या न्यूरोच्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी उठवू नका असं स्पष्ट सांगितलं. मग "पहिल्या दिवसापासून हलवा" हे सगळ्यांना कसं लागू होईल? असले धागे वाचून नातेवाईक डॉक्टरांचं न ऐकता पेशंटला उभं करतील, याची मला भीती वाटते.

गोदातीर
मखमलाबादकर, भीती रास्त आहे आणि तुमच्या डॉक्टरांनी योग्यच केलं. यावर मोठी चाचणी झाली आहे. २०१५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेली, पाच देशांत, दोन हजारांवर पेशंट. झटका आल्यापासून चोवीस तासांच्या आत भरपूर आणि जास्त वेळ चालवलं, त्यांचा निकाल नेहमीच्या उपचारांपेक्षा कमी चांगला आला. पुढे त्याच माहितीचा बारकाईने विचार केला तेव्हा दिसलं की थोडा थोडा वेळ, पण वारंवार उठवलेल्यांचं बरं झालं. म्हणजे घाई नको आणि एकदाच दमछाकही नको.

हार्ट अटॅक, रक्तस्राव, मणक्याचं किंवा न बसवलेलं फ्रॅक्चर, बीपी फार खाली, छातीत दुखतंय, दम लागलाय, अशा वेळी डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय कुणीही पेशंटला उठवू नये. माझं म्हणणं इतकंच की झोपून राहायचं कारण फाइलवर लिहिलेलं असावं आणि रोज राऊंडला विचारलं जावं: आज उठवू का? उठवायचं नसेल तर पलंगावर बसवू का? तेही नसेल तर कुशीवर वळवणं, घोटे वरखाली हलवणं, दीर्घ श्वास, हे तरी चालेल का? ज्याला पूर्ण झोपूनच राहायचंय त्याच्यासाठीसुद्धा दिवसभरात करण्यासारखं बरंच असतं. दर दोन तासांनी कूस बदलणं, टाचा गादीवर न टेकता पोटरीखाली उशी, पाऊल सरळ राहील असा आधार. एअर बेड आणला म्हणजे कूस बदलायची गरज नाही, असं बरेच जण समजतात. तसं नाही.

रात्रपाळी
मीही नर्स आहे. ताई, तुमचं सगळं पटतं, तरी सांगते, वाचताना वाईट वाटलं. रात्री अख्ख्या वॉर्डाला मी एकटी असते. सहाचे इंजेक्शन, सॅम्पल, दोन नवीन अॅडमिशन, एकाचं सलाईन आऊट गेलेलं, आणि त्यात कुणाला चालवू? मावशी एक, तीही तळमजल्यावर रक्त आणायला गेलेली. आणि पेशंट पडला तर मेमो कुणाला मिळतो? ज्याला बेडसोर झाला त्याच्यासाठी कुणी विचारत नाही, ज्याचे पायच गेले त्याच्यासाठी तर कागदावर रकानाही नाही. पण पडला की सगळे येतात. मग सिस्टर कठडे वर करून "उठायचं नाही" म्हणणारच.

गोदातीर
ताई, तुझा शब्द न् शब्द खरा आहे. नाईटला एकटीने पेशंट चालवावेत असं मी म्हणणार नाही. माणसं वाढवायला हवीत, ही मागणी आपण सगळ्यांनी लावून धरली पाहिजे, आणि नातेवाइकांनी आपल्यावर ओरडण्याऐवजी प्रशासनाला लेखी विचारलं पाहिजे.

तोवर मी काय केलं ते सांगते. चालवण्याचं वेगळं काम काढलंच नाही. सकाळी बेड-मेकिंगला आपण पेशंटला या कुशीवरून त्या कुशीवर करत चादर बदलतो. ज्याला बसता येतं त्याला त्या वेळी खुर्चीत बसवलं तर चादर लवकर बदलून होते आणि चहा-नाश्ता खुर्चीतच होतो. स्पंजिंगला ओला टॉवेल त्याच्या हातात द्यायचा. तोंड, छाती, हात तो पुसेल, पाठ आणि पाय आपण. गोळ्या पलंगावर नेऊन देण्याऐवजी बसवून द्यायच्या. पॉट मागितला की, ज्याला परवानगी आहे त्याला विचारायचं, "बाथरूमला जायचं का, मी धरते." पहिल्या दोन दिवसांत वेळ जास्त जातो, हे कबूल. पण चौथ्या दिवशी तो पेशंट स्वतः तोंड धुतो, आणि पूर्ण झोपलेल्या पेशंटमागे जाणारा आपला वेळ वाचतो.

पडण्याबद्दल. मी पाहिलेले बरेच पेशंट चालताना नाही पडले. बाथरूमची घाई झाली, कुणी येईना, म्हणून कठड्यावरून पाय टाकून एकटे उतरताना पडले. पलंग सगळ्यात खाली, बेल हाताशी, चप्पल पलंगाखाली आत न ढकलता पायाशी, आणि झोपायच्या आधी, पहाटे एकदा स्वतःहून बाथरूमचं विचारणं. याने फरक पडतो. आणि आठ दिवस झोपवून ठेवलेला माणूस नवव्या दिवशी घरी जाऊन पडतो, तेव्हा आपल्याला मेमो मिळत नाही, पण हाड त्याचंच मोडतं.

रात्रपाळी
चादर बदलताना खुर्चीत बसवायचं, हे उद्यापासून सकाळच्या हँडओव्हरमध्ये सांगते. आमच्या इन्चार्ज सिस्टर ऐकणाऱ्या आहेत.

जुना_नाशिककर
पेशंटच्या बाजूने लिहितो. वय चौऱ्याहत्तर. प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. त्याआधी रोज पहाटे गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर फेऱ्या मारणारा माणूस मी. ऑपरेशन उत्तम झालं. पण लघवीची पिशवी, हाताला सुई, आणि मुलगा, सून, जावई आळीपाळीने उशाशी. मी पाय खाली सोडला की तिघंही एकदम, "बाबा, झोपा." इतक्या प्रेमाने म्हणायचे की त्यांच्यावर रागावताही येत नव्हतं. दाढीसुद्धा मुलाने केली. चौथ्या दिवशी मला स्वतःलाच वाटायला लागलं की आपण आता म्हातारे झालो. त्या विचाराने जेवढा खचलो तेवढा ऑपरेशनने नव्हतो खचलो.

एक तरुण ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, होता. त्याने मुलाला बाहेर चहाला पाठवलं आणि मला म्हणाला, "काका, त्या खिडकीतून खाली रस्ता दिसतो. बघायचाय?" लघवीची पिशवी कशी धरायची ते त्यानेच दाखवलं, कमरेच्या खाली, नळीला ताण न देता. खिडकीपर्यंत गेलो. संध्याकाळी लिफ्टपर्यंत. दुसऱ्या दिवशी मी आरसा मागून स्वतःची दाढी स्वतः केली. घरच्यांना हात जोडून सांगणं आहे, आमची सेवा करा, पण आमच्या हातातला वस्तरा काढून घेऊ नका.

गोदातीर
काका, तुमची ही पोस्ट मी आमच्या स्टुडंट्सना वाचून दाखवणार आहे.

कॅथेटरचा, म्हणजे लघवीच्या नळीचा, विषय तुम्ही काढलात म्हणून लिहिते. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर ती ठरावीक दिवस ठेवावीच लागते. पण मेडिसिन वॉर्डात अनेकदा फक्त "सोयीचं पडतं" म्हणून कॅथेटर राहून जातं. नळी लावली की माणूस पलंगाला बांधल्यासारखा होतो, आणि प्रत्येक जादा दिवसागणिक लघवीच्या इन्फेक्शनचा धोका वाढतो. नातेवाइकांनी रोज विचारावं: पिशवी अजून कशासाठी आहे? ऑक्सिजनचं, सलाईनचंही तेच. गोळ्यांवर आलेल्या पेशंटच्या हातात सलाईन नुसतं लटकत असेल तर विचारा.

संगमनेरी
जेवणाबद्दल सांगा ना सिस्टर. आईला अॅडमिट केलं तर सगळे शहाळं, पेज आणि साबुदाण्याची खीर आणतात. एवढ्याने ताकद येते का?

गोदातीर
शहाळं पाणी म्हणून ठीक. पण स्नायू टिकायला प्रथिनं लागतात. आजारी वयस्कर माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम, असं आहारतज्ज्ञ धरतात. साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम झाले. पेज आणि साबुदाण्यात ते नसतातच म्हणा. घट्ट वरण, मुगाचं धिरडं, दही, पनीर, चालत असेल तर अंडं, शेंगदाण्याचं कूट घातलेली मऊ भाजी. एका वेळी जात नाही, दोन-दोन तासांनी थोडं थोडं द्या. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. आणि खुर्चीत बसवून, ताट समोर ठेवून, त्यांच्या हातानेच जेवू द्या. सांडलं तर सांडू दे. बोटांत ताकद कमी असेल तर चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून जाड करा, पकड येते.

द्राक्षबागवाला
निफाड तालुक्यातून लिहितोय. आई बहात्तर वर्षांची. ऐन छाटणीच्या गडबडीत अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं. नाशिकला ऑपरेशन केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले उभं करा. मी भांडलोच त्यांच्याशी, काल हाड जोडलं न् आज उभं? पण सिस्टर आणि फिजिओने मिळून उभं केलं, तीन पावलं टाकली. आता घरी येऊन थोडे दिवस झालेत. अडचण अशी की घरी संडास भारतीय पद्धतीचा, आई म्हणते मला खाली बसू द्या. देवापुढे पाटावर बसायचा हट्ट वेगळाच. आणि गावातले येणारे-जाणारे सांगतात, तीन महिने पलंग सोडू नका. कुणाचं ऐकू?

गोदातीर
दादा, गावातल्यांचं ऐकू नका. खुब्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी उठवणं हीच आता पद्धत आहे. ऑपरेशन त्यासाठीच करतात, की माणूस लवकर पायावर यावा. वयस्कर माणूस खुबा मोडून महिनोन्महिने पडून राहिला की न्यूमोनिया, बेडसोर, पायात रक्ताची गुठळी, यांनीच जास्त खचतो.

आता खाली बसण्याचं. आधी डिस्चार्ज कार्ड बघा. बॉल (खुब्याच्या सांध्यातलं मांडीच्या हाडाचं गोल डोकं) बदललाय की रॉड-स्क्रू टाकलाय? बॉल बदलला असेल तर सर्जन सांगतील तोवर खाली बसणं, मांडी घालणं, पायावर पाय टाकणं, गुडघा कमरेच्या वर जाईल असं बुटक्या स्टुलावर बसणं, सगळं बंद. बॉल निसटू शकतो. रॉड असेल तर नियम थोडे वेगळे, पण पायावर किती वजन टाकायचं ते सर्जननेच सांगायला हवं. लिहून नसेल तर फोन करून विचारा. दोन्हीत तूर्त संडासाला कमोड खुर्ची घ्या, उंची वाढवता येणारी. मेडिकलच्या दुकानात मिळते, भाड्यानेही मिळते. संडासात जाते का, दार किती रुंद आहे, ते आधी मोजा. आणि देवघरासमोर हात्याची उंच खुर्ची ठेवा, आरतीचं ताट स्टुलावर. आईंची पूजा बंद करू नका. सकाळी पूजेला उठून देवघरापर्यंत जाणं हा त्यांचा सगळ्यात चांगला व्यायाम आहे, कारण तो त्यांना स्वतःला करायचाय.

द्राक्षबागवाला
कार्डवर बॉल बदलल्याचं लिहिलंय. म्हणजे पाट बंद. खुर्चीचं सांगितलं तर तयार झाली, पण नैवेद्य मीच करणार म्हणतेय.

गोदातीर
करू द्या की! ओट्याशी वॉकर उभा करून, मागे खुर्ची ठेवून, पाच मिनिटं उभ्याने, मग बसून. गरम पातेलं उचलणं तेवढं दुसऱ्या कुणाकडे द्या, वॉकर धरलेल्या हातात काही घेता येत नाही. आणि खाली पडलेलं काही वाकून उचलू देऊ नका.

मखमलाबादकर
एक प्रश्न, सगळ्यांच्या उपयोगाचा. बऱ्याच दिवसांनी पेशंटला पहिल्यांदा उठवताना चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते. काका असेच एकदा माझ्या अंगावर कोसळले होते. अशा वेळी काय करायचं?

गोदातीर
आडव्याचा एकदम उभा करायचा नाही. आधी पलंगाचं डोकं वर करून थोडा वेळ बसवायचं. मग कुशीवर वळवून पाय खाली सोडून काठावर, तळवे जमिनीला टेकलेले हवेत. तिथे घोटे वरखाली करायला लावायचे, बोलत राहायचं, चेहऱ्याकडे बघायचं. ओठ पांढरे पडले, घाम आला, उत्तर द्यायला उशीर लागला तर परत आडवं. नर्स जवळ असेल तर झोपलेलं बीपी आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आतलं बीपी बघते. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना कळवायचं, बीपीच्या किंवा लघवीच्या गोळ्यांत फेरफार लागू शकतो. शरीरात पाणी कमी असलं तरी असं होतं.

धरायचं कसं, तर काखेत हात घालून नाही. कमरेला रुंद पट्टा किंवा घट्ट गुंडाळलेली ओढणी बांधायची आणि मागून ती धरायची, आपण दुबळ्या बाजूला थोडं मागे. कोसळायला लागले तर उभं धरून ठेवायची धडपड करू नका, तुमची पाठ जाईल आणि दोघंही आपटाल. आपला एक पाय पुढे करून त्यावरून हळूहळू खाली बसवा, डोकं सांभाळा.

फिजिओ_सातपूर
वॉकरचंही सांगून टाकतो, कारण दुकानातून आणलेला तसाच वापरतात. पेशंटला चप्पल घालून सरळ उभं करा, हात बाजूला सैल सोडायला सांगा. मनगटाची घडी येते तिथे वॉकरची मूठ हवी. धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं दिसलं पाहिजे. फार उंच असेल तर खांदे वर चढतात, बुटका असेल तर माणूस वाकून चालतो आणि पुढे पडतो. चारही पायांची बटणं एकाच भोकात बसलीत का ते बघा, खालची रबरं झिजली असतील तर बदला. काठीवर आलात की काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय.

इंदिरानगरची_लेक
बाबांची काठी डाव्या हाताला जमत नाही म्हणून उजव्या हातातच दिली होती, म्हणजे ते बरोबर झालं. खांद्यासाठी गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीय. पुली आजच काढून ठेवली.

जुना_नाशिककर
निफाडच्या दादांना विचारायचंय, आईंच्या खोलीतून संडासापर्यंत रात्री उजेड आहे का? आमच्याकडे उंबरा होता, त्यावर पांढरी पट्टी चिकटवली.

द्राक्षबागवाला
काका, संडास घराबाहेर आहे, ओसरीवरून दोन पायऱ्या उतरून. तेच तर.

गोदातीर
मग दादा, रात्रीपुरती कमोड खुर्ची आईंच्या पलंगाशेजारीच ठेवा, चांगल्या पायाच्या बाजूला, भिंतीला टेकवून, म्हणजे मागे सरकणार नाही. खोलीत झिरोचा दिवा रात्रभर चालू. दिवसा मात्र बाहेर जाऊ द्या, कुणीतरी सोबत. त्या दोन पायऱ्यांना एका बाजूने पाइपचा कठडा गवंड्याकडून बसवून घ्या, आईंच्या चांगल्या हाताला येईल असा. चढताना आणि उतरताना हात बदलतो, म्हणून जमलं तर दोन्ही बाजूंनी. पायऱ्यांचा फोटो टाकलात तर उंची बघून फिजिओ दादा सांगतील, मध्ये अर्धी पायरी घालावी लागेल का ते.